इंजिनच्या पलीकडून

हे वाचून कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी शपथा घेत बसणार नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, माझ्याच घरच्या माणसांच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि ज्या खुर्चीत बसून मी ते पाहिलं त्याच खुर्चीत मी आजही रोज बसते.

आणि हो, रात्र नव्हती.

भर दुपार होती. रस्त्यावर ट्रक उभे होते. समोरचा टायरवाला हवा भरत होता. ऊन शटरच्या पार आतपर्यंत आलं होतं. भुतं रात्रीच येतात असं सांगणाऱ्यांना बहुतेक दुपारी झोपायची सवय असावी.

आमचं गॅरेज आहे. मोठ्या गाड्यांची इंजिनं आणि गिअरबॉक्स, एवढंच काम. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, इथला मिस्त्री. त्याने लग्न केलं नाही. गिअरबॉक्सशीच संसार मांडला, असं आम्ही म्हणायचो. मी मधली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आले आणि पार्टच्या काउंटरवर बसले, ती बसलेच. आणि तिसरा आमचा धाकटा भाऊ.

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा होता. तो हळू बोलला की लोक विचारायचे, बरं नाही का आज.

भोंग्याची बायको म्हणजे आमची धाकटी. आम्ही तिला धाकटीच म्हणतो. बोलायला मऊ, पण एकदा मनात घेतलं की मागे न हटणारी. नवरा-बायको दोघं एकाच माळेचे मणी होते खरं तर, फक्त एकाचा आवाज मोठा आणि दुसरीचा लहान.

आता कामाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक मोठं बिडाचं कवच असतं. त्याला बेल हाउसिंग म्हणतात, आम्ही नुसतं बेल म्हणतो. ती इंजिनच्या ब्लॉकवर बसवताना तिचं मागचं गोल भोक आणि इंजिनचा क्रँक, म्हणजे आतला फिरणारा दांडा, अगदी एका रेषेत यावे लागतात. केसाएवढा फरक राहिला तरी गिअरबॉक्स आतून झिजत जातो, आणि मग गाडीवाला येऊन आमच्या नावाने शिमगा करतो. म्हणून दादा क्रँकच्या मागच्या टोकाला एक जाड पोलादी पट्टी आवळायचा. पट्टीवर डायल. डायलचं टोक भोकाच्या कडेला टेकलेलं. क्रँक फिरवला की पट्टी बेलच्या आत गोल फिरते, आणि डायलचा काटा सांगतो बेल कुठल्या बाजूला सरकली आहे. मग बेल जागेवर धरणाऱ्या ब्लॉकमधल्या पिना जराजरा फिरवून ती मधोमध आणायची.

हे दोघांचं काम. एकजण मागे, भोकातून हात आत घालून डायल सांभाळणारा. दुसरा पुढे, क्रँकच्या नटला लांब बार लावून फिरवणारा. मध्ये माणसाच्या उंचीचं इंजिन. दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. मागचा आधी हात बाहेर काढतो, आणि मगच म्हणतो, "पाव."

पुढचा पाव फेरा फिरवतो, बार सोडतो, आणि म्हणतो, "झालं."

ते ऐकल्याशिवाय मागच्याने हात आत घालायचा नाही. आणि हात आत असताना "पाव" म्हणायचं नाही. पट्टी आणि बेलच्या आतल्या फासळ्या यांच्यामध्ये बोटं सापडली तर त्या बारच्या जोरापुढे हाडाचं काही चालत नाही.

दादा मागे, भोंगा पुढे. वर्षानुवर्षं हेच. पाव, झालं. पाव, झालं. काउंटरच्या खिडकीतून मला दोन्ही बाजू दिसायच्या.

धाकटीचं दुसऱ्यांदा पोटातलं गेलं, त्यानंतरची गोष्ट. नात्यात कुणाकडे तरी जेवायला गेलो होतो. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी भोंग्याला विचारलं, काय रे, गोड बातमी कधी. त्यावर हा माझा भाऊ त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "आमची गाडी सेल्फ मारते हो, पण इंजिन पकडत नाही."

सगळं घर हसलं. धाकटी तेव्हा वाढत होती. ती पुढच्या ताटाकडे गेली आणि वाढत राहिली.

त्या दिवसापासून तिने त्याच्याशी अबोला धरला.

भांडण नाही, रडारड नाही. त्याचे कपडे धुतलेले, डबा भरलेला, अंथरूण घातलेलं. फक्त शब्द नाही. भोंगा आधी म्हणायचा, दोन दिवसांत बोलेल. मग म्हणायला लागला, आठवड्यात बोलेल. मी त्याला म्हटलं, "अरे, चुकलं म्हण आणि मोकळा हो. जीभ झडणार आहे का तुझी?"

"आधी ती बोलेल," तो म्हणाला. "मी आधी बोललो की जन्मभर डोक्यावर बसेल."

धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, मला दुसरं काही नको. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून चुकलं म्हणावं."

दोघंही हटून बसले. आणि एका दुपारी, जेवणानंतर, दादा मागून म्हणाला, "पाव."

पलीकडून काहीच नाही.

दादाने दोनदा हाक मारली. मग चिडून म्हणाला, "झोपलास का रे?" मी खिडकीतून पाहिलं. भोंगा भिंतीला टेकून खाली बसला होता. बार हातातच. मान छातीवर.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, कळलंसुद्धा नसेल त्याला.

धाकटी रडली नाही. आल्यागेल्याला एकच सांगायची, "न बोलताच गेले." लोकांना वाटायचं, शेवटच्या क्षणी बोलणं झालं नाही म्हणून म्हणतेय बिचारी. खरं काय ते मला माहीत होतं.

पुढे बरेच महिने दादा बेलचं काम एकट्याने करायचा. पुढे जायचं, बार ओढायचा, मागे यायचं, काटा बघायचा, परत पुढे. नवा माणूस ठेव म्हटलं तर वसकन अंगावर यायचा.

मग ती दुपार आली.

एका जुन्या ट्रकचं इंजिन स्टँडवर होतं. दादा मागे वाकून काहीतरी पुसत होता. थकला होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं...

"पाव."

मी मान वर केली. मला वाईट वाटलं त्याचं.

आणि इंजिनच्या पुढे... नटला लावून ठेवलेला बार हलला.

हळूच खाली गेला. कुणीतरी वजन टाकून दाबावा तसा. पाव फेरा. मग थांबला.

"झालं."

तोच आवाज. खणखणीत. काउंटरवरचे वॉशर त्या आवाजाने नेहमी थरथरायचे, तसेच थरथरले.

पुढे कुणी नव्हतं. मी शपथ घेणार नाही म्हटलं होतं, पण इथे घेते. पुढे कुणीसुद्धा नव्हतं. भिंत, तेलाचा डबा, आणि हवेत तिरका थांबलेला बार.

दादा मागून ओरडला, "अगं, तू फिरवलास का?"

मी म्हटलं, "मी इथं बसलेय."

मला वाटलं आता तो पळत बाहेर येईल, शटर ओढेल, निदान मला तरी बाहेर हो म्हणेल.

तो डायलकडे बघत होता. मग घसा खाकरला.

"पाव," दादा म्हणाला.

"झालं."

माझी पाचावर धारण बसलेली, आणि दादाने त्या दुपारी ती बेल पूर्ण बसवून टाकली.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "दादा, तुला भीती नाही वाटली?"

"कसली? घरचाच आहे."

"अरे, गेलाय तो."

"गेला कुठे? इथंच तर आहे," दादा म्हणाला, आणि साबणाने हात धुवायला लागला. "जिवंत असताना तासाला चहा मागायचा. आता तेवढंही नाही."

माझ्या भावाबद्दल असं लिहायला नको, पण त्या क्षणी मला दादाची भोंग्यापेक्षा जास्त भीती वाटली.

त्यानंतर रोजचं झालं. दादा बेलची कामं शोधून शोधून घ्यायला लागला. मी खिडकीवर पुठ्ठा लावला, तर ऐकू येणं काही थांबेना. इंजिनच्या पुढची ती जागा... तिथे कुणी उभं राहत नसे. गिऱ्हाइकं बोलत बोलत तिथवर जायची आणि नकळत बाजूला सरकायची. आपण माणसाला वाट देतो ना, तशी. आणि वर मलाच विचारायची, "ताई, हे कोण नवीन?"

मी म्हणायचे, "कुठे कोण?"

लोक वळून बघायचे. मग लवकर निघायचे.

घरी मी ताकास तूर लागू दिली नाही. पण धाकटी एकदा माझा विसरलेला डबा घेऊन आली. शटरमध्ये उभी राहिली, आणि नेमकं तेव्हाच आतून आलं...

"झालं."

तिने डबा माझ्यासमोर ठेवला. झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

ती सरळ इंजिनच्या पुढे गेली. भिंतीजवळ, तो पडला होता तिथे. मग अगदी हळू म्हणाली, "अहो."

काही नाही.

"अहो, मी आहे."

काही नाही. टायरवाल्याचा पंप सुरू होता तेवढाच आवाज.

मागून दादा म्हणाला, "ते कामाचं बोलतं. घरचं नाही बोलत. पाव."

आणि तिच्या डोळ्यांदेखत, तिच्यापासून हातभर अंतरावर, बार खाली गेला. "झालं."

ती दचकलीसुद्धा नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. महिनोन् महिने ज्या आवाजासाठी ती झुरत होती, तो आवाज तिच्या तोंडावर आला होता, आणि तो तिच्यासाठी नव्हता.

मग ती रोज दुपारी यायला लागली. पुढे स्टूल टाकून बसायची. बोलत राहायची. घरातलं, शेजारचं, नळ गळतो ते. कधी विनवायची, कधी टोमणे मारायची. "जिवंतपणी गावभर ऐकू जायचं, आता बायकोपुरतं तोंड उघडत नाही." तिला हवं ते एकच होतं. त्याने तिला ओळखावं, आणि तो एक शब्द म्हणावा.

तो फक्त दादाला ओ द्यायचा.

दादा वैतागला. "तुझ्या बडबडीने माझं लक्ष जातं," तो म्हणाला. मग त्याच्या डोक्यात आलं, आणि जे आलं ते त्याने लगेच बोलून टाकलं. "त्याचा आवाज ऐकायचाय ना तुला? मग मागे ये. तू पाव म्हण आणि काटा बघून मला सांग. मी पिना फिरवतो. तुझंही होईल, माझंही होईल."

मी म्हटलं, "दादा, माणूस आहेस की कोण आहेस?"

पण धाकटी उठलीच.

दादाने तिला रीत शिकवली. हात बाहेर. पाव. झालं ऐकायचं. मग हात आत. पहिल्यांदा तिने "पाव" म्हटलं तेव्हा तिचा आवाज चिरकला.

"झालं," पलीकडून आलं.

तिने बेलच्या कडेला कपाळ टेकलं आणि रडली. तो गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. मीही इकडे पुठ्ठ्याच्या फटीतून बघत डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, बाई गं, निदान एवढं तरी मिळालं.

काही दिवस ती खूश होती. केस नीट विंचरून यायची. "पाव" म्हणायची तीसुद्धा अशी, की जणू घरात हाक मारतेय. मला म्हणाली, "ताई, मला ओ देताना त्यांचा आवाज जरा मऊ येतो. दादांना देतात तसा नाही."

मला काही फरक वाटला नव्हता. मी म्हटलं, "हो गं, मलाही वाटलं."

मग तो ड्रायव्हर आला. त्याच्या गाडीचं काम चाललं होतं आणि तो पान चघळत उभा होता. टिवल्याबावल्या करणारा माणूस. धाकटी पाणी प्यायला बाजूला झाली होती, दादा पाना शोधत होता. ड्रायव्हर बेलजवळ वाकला आणि तिच्या आवाजाची नक्कल करत, लाडात येऊन म्हणाला, "पाऽव."

"झालं."

तोच आवाज. तितकाच मोठा. तितकाच मऊ, किंवा तितकाच कडक, काय म्हणाल ते.

ड्रायव्हर हसला. "पुढं कोण आहे तो? हुशार दिसतो."

धाकटीच्या हातातला पेला भरलेलाच राहिला. घरी जाताना ती मला म्हणाली, "ताई, कुणालाही देतात ओ. रस्त्यावरच्या कुणालाही."

दुसऱ्या दिवशी दादा पिना करून घ्यायला लेथवाल्याकडे गेला होता. गॅरेजमध्ये मी एकटी. इंजिन स्टँडवर, बेल बसवलेली, पट्टी आवळलेली, पुढे बार लावलेला.

धाकटी आली. माझ्याकडे न बघता सरळ मागे गेली. बांगड्या काढून तिने स्टुलावर ठेवल्या.

मी पुठ्ठा बाजूला केला. तिने उजवा हात भोकातून आत घातला. थेट कोपरापर्यंत.

"अगं, काय करतेस?" मी उठले.

"ताई, जागेवर थांबा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही एक पाऊल टाकलंत तर मी लगेच म्हणेन."

मी थांबले. तिचा हात आत कुठे असेल ते मला न बघता कळत होतं. पट्टीच्या पुढे, फासळीला चिकटून.

ती इंजिनकडे तोंड करून, पलीकडच्याला ऐकू जाईल असं बोलायला लागली.

"अहो. माझा हात आत आहे. तुम्हाला माहीत आहे हात आत असताना काय होतं. आजवर तुम्ही सगळ्यांना ओ दिलीत. आज देऊ नका. बार सोडून द्या नुसता. मला कळेल की तुम्ही मला ओळखलंत. मग मी पुन्हा कधी काही मागायला येणार नाही."

मी म्हटलं, "धाकटे, तुझ्या पाया पडते, हात काढ."

"पाव," ती म्हणाली.

मी जिवाचा कान केला.

पंप बंद होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. बार आडवा, जागच्या जागी...

हलला नाही.

मी बारवरची नजर काढली नाही. बार हलला नाही. "झालं" आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी काही नाही.

धाकटीचे ओठ थरथरायला लागले. ती हसत होती. लग्नात हसली होती तशी हसत होती.

"ताई," ती म्हणाली, "ओळखलं त्यांनी."

आणि बार खाली यायला लागला.

कामात यायचा तसा नाही. हळू. अगदी हळू. कुणीतरी मजा घेत, अंदाज घेत दाबत असावं तसा. मी ओरडले, "काढ हात." तिला काढता आला असता. अजून वेळ होता. ती भोकातून आतल्या सरकत्या पट्टीकडे बघत राहिली. तिला वाटत होतं तो थांबेल. शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत तिला वाटत होतं की तो थांबेल.

आतून जो आवाज आला तो मी लिहिणार नाही.

ती किंचाळली, आणि तिचं किंचाळणं संपायच्या आत इंजिनच्या पलीकडून तो बोलला. "झालं" म्हणाला नाही. निवांत, खुशीत, जेवणाच्या पंगतीत बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला...

"आधी तू बोललीस."

मी धावले. पुढे गेले, बार दोन्ही हातांनी धरला आणि वर उचलायला लागले. उचलेना. बारला जड काहीतरी लोंबकळत होतं. माझ्या मनगटावर, इथे, गरम श्वास येत होता. मी त्याला शिव्या घातल्या. आईवरून घातल्या, माझीही तीच आई. मेल्या, सोड, म्हटलं. तरी नाही. मग त्याला वाटलं तेव्हा त्याने सोडला, आणि मी बारसकट भिंतीवर आदळले.

धाकटीची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. दादा म्हणाला, "मशीनमध्ये हात गेला." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "पट्टी वाकली का गं?" मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने गाल चोळला आणि घरी गेला. बेलची कामं मात्र त्याने त्या दिवसापासून बंद केली. ते इंजिन गेलं. स्टँड रिकामा आहे.

शुद्धीवर आल्यावर धाकटी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "ताई, माझ्याशी बोलले ना?"

मी हो म्हटलं.

ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर तिने तोंड उघडलेलं नाही. माझ्याशी नाही, दादाशी नाही, कुणाशीच नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले. धक्का बसलाय, येईल हळूहळू.

धक्का कसला बसलाय. मी ओळखते तिला.

हाताची पट्टी सुटली तशी ती पुन्हा दुपारी गॅरेजमध्ये यायला लागली. रिकाम्या स्टँडसमोर स्टूल टाकून बसते. हात मांडीवर. नजर भिंतीकडे.

पहिले काही दिवस शांतता होती. मला वाटलं, संपलं.

मग एका दुपारी त्या रिकाम्या जागेतून आलं... "काय गं."

तिने मान हलवली नाही.

"ऐकतेस का?"

काही नाही.

"आता बोल की."

तो रोज बोलायला लागला. आधी चेष्टेत, मग चिडून. मग एकदा इतक्या मोठ्याने की रॅकवरचे फिल्टर खाली पडले आणि टायरवाला धावत आला. धाकटी बसून. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. आणि मागच्या आठवड्यात, मी हिशेबाचं काम सोडून ऐकत होते, तो पहिल्यांदा हळू बोलला. अगदी हळू. बरं नसल्यासारखा.

"चुकलं माझं."

ज्या शब्दासाठी तिने हात दिला, तो शब्द. मला रडू फुटलं. मी धाकटीकडे पाहिलं. वाटलं आता तरी ती काही म्हणेल, निदान मान तरी डोलवेल.

तिने एक जांभई दिली.

तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलतो.

नवरा-बायकोत अबोला असला की मधल्या माणसाचा निरोप्या होतो, कुणाच्या घरात होत नाही सांगा. "ताई, तिला सांग ना." आधी स्टँडपाशी होता. मग रॅकच्या मागून यायला लागला. काल माझ्या खुर्चीच्या मागून आला, मानेपाशी. "ताई, तिला सांग ना एक शब्द बोल म्हणून. तू सांगितलंस तर ऐकेल. सांगतेस ना?"

मी आजवर एकदाही ओ दिलेली नाही. ओ दिली की काय होतं ते मी पाहिलंय. पण माझा भाऊ आहे हो तो. कडेवर खेळवलाय मी त्याला. काल तो रडत होता. भोंगा आयुष्यात कधी रडला नव्हता, आणि काल माझ्या कानाशी हुंदके देत होता, आणि मधेच हुंदके थांबवून त्याने अगदी थंड आवाजात विचारलं, "ताई... तू सांगणार आहेस की नाही?"

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं.

समोर स्टुलावर धाकटीने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने उजवा हात उचलून ओठांशी नेला. गप्प राहा म्हणायला आपण बोट नेतो तसा. बोटाच्या जागी काही नव्हतं. तरी खूण कळली मला. आणि ती हसत होती.

मी तोंड मिटलं.

आज दुपारी पुन्हा काउंटर उघडायचं आहे. नाही उघडलं तर दादा विचारेल, का नाही उघडलंस, आणि त्याला काय सांगू?